ओझ्याची मर्यादा : खेळातली आणि गोदामातली

भिवंडी परिसरातील गोदाम-कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. तरुण अभ्यासवर्गाला येत नाहीत. पाळी सुटली की गाळ्याच्या ओट्यावर नाहीतर खोलीच्या दारात बसून मोबाईलवर खेळत राहतात. तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यातून ‘नव्या पिढीची अफू’ असा जो निष्कर्ष घाईघाईने काढला जातो, तो तपासून घेण्याजोगा आहे. हे तरुण नेमके काय खेळतात, हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले नाहीत.

ते घेतले तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. या खेळांतील लढाया, बंदुका आणि राक्षस हा वरचा देखावा झाला. खेळणाऱ्याचा बराच वेळ जातो तो वस्तू गोळा करण्यात, त्या पिशवीत बसविण्यात, काय ठेवावे आणि काय टाकावे याचा निर्णय करण्यात. म्हणजे पाळीभर खोकी उचलणारा, मोजणारा आणि फळीवर लावणारा तरुण रात्री करमणूक म्हणून पुन्हा मालच उचलतो, मोजतो आणि लावतो. दिवसा जे काम अंग मोडून टाकते, तेच रात्री आनंद कसे देते? या प्रश्नाचे उत्तर खेळातील पिशवी आणि भिवंडीचे गोदाम यांच्या तुलनेतच सापडेल. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे : माल ठेवायचा कोठे, किती, आणि तो वाहायचा कोणी?

पिशवीचे प्रकार

संगणकीय खेळांत या पिशवीला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द शिल्लक साठ्याच्या अर्थाने परिचित असतो. खेळांत तो जुना आहे. विल क्राउदर आणि डॉन वुड्स या अमेरिकन प्रोग्रॅमरांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास रचलेल्या गुहेच्या खेळात चित्र नव्हते, केवळ मजकूर होता. त्यात वस्तू सातच बाळगता येत. आठवी उचलू गेल्यास आधी एखादी खाली ठेवावी लागे. ही साठाव्यवस्थेची पहिली रीत : नगांची मर्यादा. पक्ष्याचा पिंजरा असो की सोन्याचा तुकडा, नग तो नग.

दुसरी रीत जागेची. १९९६ साली आलेल्या ‘डायब्लो’ या खेळात पिशवी म्हणजे दहा बाय चार, अशी चाळीस घरांची चौकट असे. औषधाची बाटली एक घर व्यापी, चिलखत सहा घरे व्यापी. २००५ च्या ‘रेसिडेंट एव्हिल ४’ मध्ये नायकाची पेटी अशीच चौकटीची आहे. बंदूक आडवी बसेना तर उभी करून पाहावी लागते. कंटेनर भरणारा हमाल हेच करतो. लहानमोठी खोकी अशी रचावयाची की पोकळी उरू नये आणि वाटेत माल हलू नये, ही विद्या तो अनुभवाने शिकतो.

तिसरी रीत वजनाची. २०११ च्या ‘स्कायरिम’ या गाजलेल्या खेळात प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि नायकाच्या ताकदीला आकडा आहे. आरंभी तो ३०० असतो. आकडा ओलांडला की नायकाला धावता येत नाही, पाय ओढीत चालावे लागते. गंमत अशी की तलवारीला, भाकरीला, पुस्तकाला वजन आहे. सोन्याच्या नाण्यांना मुळीच नाही. कितीही नाणी खिशात टाका, पावलाचा वेग तोच. खेळ रचणाऱ्यांनी ही सोय म्हणून केली असेल. पण संपत्ती जितकी अमूर्त होते तितके तिचे ओझे तिच्या मालकाच्या अंगावरून उतरते, या अर्थशास्त्रीय सत्याचे याहून सुबोध उदाहरण शोधून सापडावयाचे नाही.

चौथी रीत थप्पीची. ‘माइनक्राफ्ट’ या लहान मुलांतही लोकप्रिय असलेल्या खेळात पिशवीला छत्तीस कप्पे आहेत आणि बहुतेक वस्तूंची चौसष्ट नगांची थप्पी एका कप्प्यात राहते. खेळातील ठोकळा एक घनमीटरचा मानला, तर छत्तीस कप्पे भरून घेतलेले सोने सुमारे ४४ हजार टन भरेल. आणि ते घेऊन नायक उड्या मारीत डोंगर चढतो! पिसे घेतली काय आणि सोने घेतले काय, कप्पा तेवढाच. येथे वस्तूची गणती आहे. वाहणाऱ्याच्या शरीराचा विचार नाही.

आपल्याकडे मोबाईलवर जो खेळ घरोघर पोहोचला, त्या ‘पबजी’त आणि सप्टेंबर २०२० मधील बंदीनंतर जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने आलेल्या ‘बीजीएमआय’त, पाठीवरच्या पिशवीच्या तीन श्रेणी आहेत. मोठी पिशवी मिळाली की अधिक गोळ्या, अधिक मलमपट्टी घेता येते. पिशवी किती भरली हे पट्टीवर दिसत राहते. पिशवी भरली की खेळ सक्ती करीत नाही. ‘जागा नाही’ एवढेच सांगतो.

आणि पाचवी रीत, सर्वांहून वेगळी. नोव्हेंबर २०१९ मध्ये हिदेओ कोजिमा या जपानी रचनाकाराचा ‘डेथ स्ट्रँडिंग’ हा खेळ आला. त्याचा नायक योद्धा नाही, हमाल आहे. उद्ध्वस्त देशातील तुटलेल्या वस्त्यांना सामान पोहोचविणे हे त्याचे काम. येथे पिशवी हा कोपऱ्यातला तक्ता राहत नाही. प्रत्येक खोके नायकाच्या पाठीवर, खांद्यावर, मांडीला बांधलेले दिसते. थप्पी उंच झाली की तोल जातो. उतारावर दोन्ही हातांनी पट्टे धरून सावरावे लागते. वाटेत बूट झिजतात. ओझे वाहणाऱ्या माणसाला शरीर असते, एवढी साधी गोष्ट हा खेळ प्रत्येक पावलाला जाणवून देतो.

गोदामे कशी उभी राहिली

या पाच रीतींकडे पाहून झाल्यावर भिवंडीकडे वळावे. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली अशा गावांतील भातखाचरांवर आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्या वाढीमागे मुंबईची जकात हे एक मोठे कारण होते. माल मुंबईच्या नाक्याबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत ठेवावा आणि विक्री होईल तसा आत न्यावा, म्हणजे पैसा जकातीत अडकून पडत नाही, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली; गोदामे मात्र गेली नाहीत. कराच्या सोयीसाठी राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याची गरज कमी झाल्यामुळे मोठी गोदामे अधिकच मोठी झाली आणि घरपोच विक्रीच्या धंद्याने त्यांत भर घातली.

यंत्रमागाच्या जुन्या भिवंडीत साठ्याची रीत निराळी होती. सुताचे कोन, बीम, कच्च्या कापडाचे ताके हे सारे डोळ्यांना दिसत असे. ताक्यांची थप्पी छताला लागली की बाजारात उठाव नाही आणि आता माग बंद पडणार, हे कामगाराला वही न पाहता समजे. त्या व्यवस्थेत शोषण कमी नव्हते. मीटरमागे मिळणाऱ्या मजुरीवर कोणाची पाठ सरळ झाली नाही. पण कोणता माल कोठे आहे हे ज्ञान माणसांकडे होते. जुना गोदाम कारकून अंधारातही गठ्ठा काढून देई. त्या ज्ञानाला मोल होते आणि म्हणून त्या माणसालाही थोडेफार मोल होते.

नव्या मोठ्या गोदामांत हे ज्ञान यंत्राकडे गेले आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड प्रथम वाचला गेला. त्याच्या पुढच्या अवस्था म्हणजे आजचे स्कॅनर. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांनी तर माल प्रकारवार न लावता, जो कप्पा रिकामा असेल त्यात ठेवण्याची पद्धत रूढ केली. साबणाशेजारी पुस्तक, पुस्तकाशेजारी बाहुली. कोठे काय आहे हे कोणा माणसाला ठाऊक असण्याचे कारणच उरत नाही; हातातले यंत्र रांग आणि कप्पा सांगते, कामगार तेथे जातो. जागेचा उपयोग यात उत्तम होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचबरोबर कामगार कोणीही चालतो, आज ठेवला आणि उद्या बदलला तरी गोदामाची स्मृती जात नाही, हेही तितकेच खरे.

हिशेबात नसलेला खर्च

साठ्याच्या अर्थशास्त्राची एक जुनी मांडणी येथे आठवण्यासारखी आहे. १९१३ साली फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने एका वेळी किती माल बनवावा याचे सूत्र दिले. थोडा थोडा माल वारंवार मागविला तर मागणीचा खर्च वाढतो. एकदम पुष्कळ घेतला तर तो बाळगण्याचा खर्च वाढतो. दोन्हींची बेरीज जेथे कमीत कमी, तेथे योग्य साठा. या बाळगण्याच्या खर्चाला इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘कॅरिंग कॉस्ट’ म्हणजे शब्दशः ‘वाहण्याचा खर्च’ असे नाव आहे. त्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज येते, जागेचे भाडे येते, विमा येतो, खराबी येते. प्रत्यक्ष वाहणाऱ्याची झिजलेली कंबर त्यात येत नाही. तिचा खर्च गावाकडच्या घरात, चाळिशीनंतर, बायकोच्या मजुरीतून फेडला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कारखान्यात ताईची ओनो यांनी साठाच नको, हवा तेव्हा हवा तेवढा सुटा भाग यावा, अशी पद्धत बसविली. साठा म्हणजे उधळपट्टी, हा त्यांचा सिद्धांत जगभर गेला. पण कारखान्याच्या आतला साठा शून्यावर आणताना ताण पुष्कळदा पुरवठादारावर, वाटेवरच्या ट्रकवर आणि दाराशी खोळंबलेल्या हमालांच्या टोळीवर सरकतो. ट्रक आला की घाई, नसला की बिनपगारी वाट पाहणे. साठाव्यवस्था कोणतीही घ्या, ती मालाच्या हालचालीबरोबर अनिश्चिततेचीही वाटणी करीत असते. आणि दुबळ्याच्या वाट्याला ती अधिक येते.

ओझ्याची मर्यादा इमारतीलाही असते. २०२३ च्या एप्रिलअखेर भिवंडीतील वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर राहती घरे असलेली इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. कोसळण्याची तांत्रिक कारणे अभियंत्यांनी सांगावीत. पण माल आणि माणसे एकाच छताखाली ठेवणाऱ्या परिसरात किती मजल्यावर किती भार चालेल, ही पाटी दारावर असावयास हवी की नको? खेळातल्या पिशवीवर ती असते.

रात्रीचा आनंद कशाचा?

आता मूळ प्रश्नाकडे यावे. खेळणाऱ्या तरुणाला रात्री जे मिळते आणि दिवसा मिळत नाही ते चार गोष्टींत सांगता येईल. खेळात मर्यादा आधी सांगितलेली असते आणि ती मालकाच्या लहरीने बदलत नाही. ओझे अधिक झाले तर त्याचा परिणाम सर्वांसमोर दिसतो. पाय जड होतात, तोल जातो, आणि त्याला कोणी आळस म्हणत नाही. माल कसा लावावा हे तो स्वतः ठरवतो; चौकटीत बंदूक आडवी की उभी, हा निर्णय त्याचा असतो. आणि पिशवीत जे आहे ते त्याचे असते. काम तेच, पण स्वातंत्र्य आणि स्वामित्व ही दोन त्यात आली की त्याचा खेळ होतो. श्रमाचा तिटकारा हा मनुष्यस्वभाव आहे, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर आहे. माणसाला रचण्याचा, मोजण्याचा, नीट लावण्याचा कंटाळा नाही. दुसऱ्याने लावलेल्या वेगाचा आणि दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

म्हणून खेळ निर्दोष आहेत असे मात्र नाही. संगणकाच्या स्मृतीत आणखी चाळीस कप्पे उघडण्यास जवळपास काहीच खर्च येत नाही. तरीही अनेक खेळ कप्पे मुद्दाम अपुरे ठेवतात आणि अधिक हवे असतील तर पैसे मागतात. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा खेळ फुकट खेळता येतो. त्याची कंपनी जे विकते त्यात साठवणीचे कप्पे आहेत. टंचाई आधी निर्माण करावयाची आणि मग तिच्यावर भाडे घ्यावयाचे, हा व्यवहार भिवंडीच्या चौरस फुटांच्या बाजाराला अपरिचित नाही. फरक इतकाच की जमीन खरोखरच मर्यादित आहे. खेळातला कप्पा मर्यादित केला जातो. हा भेद तरुणांना समजावून सांगितला, तर भाडे म्हणजे काय हे त्यांना जाड पुस्तकाशिवाय कळेल.

आणखी एक सावधगिरी. ‘डेथ स्ट्रँडिंग’चा हमाल पडला तर खेळणारा बटण दाबून त्याला उभा करतो. हा खेळ आल्यावर काही महिन्यांतच, २०२० च्या टाळेबंदीत, याच मुंबई-नाशिक महामार्गाने पाठीवर पिशवी, कडेवर मूल आणि हातात पाण्याची बाटली घेऊन माणसांचे लोंढे उत्तरेकडे चालत निघाले. मे महिन्यात भिवंडीहून गोरखपूरकडे विशेष श्रमिक गाडी सुटली, तोवर कित्येकांचे बूट झिजून गेले होते. काय घ्यावे आणि काय मागे टाकावे हा निर्णय त्या घरांनीही केला होता. तो खेळ नव्हता.

काय मागावयाचे

ओझ्याला मर्यादा हवी ही कल्पना नवी नाही. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमाने इजा होण्याचा संभव असेल इतके वजन कामगाराकडून उचलविण्यास मनाई केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एकट्याने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी करार केला, आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी मर्यादा ५५ किलोंहून अधिक असेल तर ती त्वरेने तेथवर खाली आणावी असे म्हटले. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने कष्टाला प्रतिष्ठेचा प्रश्न बनविले. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणा, ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षे लावून धरली. खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर पिशवीची मर्यादा ठरविण्याचा हा लढा होता.

माथाडी कायद्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. मालक आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा देते. मालाची जशी नोंदवही असते तशी येथे माणसाची नोंदवही आहे. नव्या गोदामांतील अनेक तरुण मात्र ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत आणि या वहीच्या बाहेर आहेत. प्रत्येक खोक्याला क्रमांक आहे, ते कधी आले, कोणत्या कप्प्यात गेले याची नोंद क्षणात निघते. ते उचलणाऱ्याने आज एकूण किती किलो उचलले, हा आकडा कोठेही नाही.

माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांचा बोभाटा उद्योजक करतात. तो निराधार म्हणून झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काम न करता पावती फाडणारे लोक मालकाइतकेच खऱ्या हमालाचेही शत्रू आहेत आणि त्यांना चळवळीत थारा नसावा. पण त्यावर उपाय नोंद अधिक काटेकोर करणे हा आहे. नोंदच मोडीत काढणे हा नव्हे.

मागणी साधी आहे आणि यंत्रे हाताशी असल्यामुळे सहज पुरी होण्यासारखी आहे. जो स्कॅनर खोके मोजतो त्यात खोक्याचे वजन टाकता येते. ते टाकले की कामगाराच्या दिवसभराच्या ओझ्याची बेरीज आपोआप होते. ती बेरीज कामगाराला स्वतःच्या हातातील यंत्रावर दिसावी. एका वेळच्या आणि एका पाळीच्या वजनाला मर्यादा असावी आणि ती ओलांडण्यापूर्वी यंत्राने ‘जागा नाही’ असे म्हणावे. कामाचा वेग ठरविताना कामगारांच्या प्रतिनिधींचे मत घ्यावे. ठेकेदाराच्या पटावरील प्रत्येकाची मंडळाकडे नोंद व्हावी.

ही मागणी ओट्यावर बसलेल्या तरुणाला समजावून सांगण्यास लांबलचक भाषण लागणार नाही. कार्यकर्त्याने त्याच्या शेजारी बसावे, खेळ संपेपर्यंत थांबावे आणि मग विचारावे : या नायकाच्या पिशवीची मर्यादा पट्टीवर दिसते, तुझी किती आहे, आणि ती कोणी ठरविली? अभ्यासवर्ग तेथूनच सुरू करता येईल.